‘चौकशी लागली’ म्हणजे नेमकं काय? इंग्रजी बातमी वाचताना हे शब्द पाहा

‘मंत्र्यांची चौकशी होणार’ अशी बातमी आली की खाली कमेंट ठरलेली: ‘सापडला एकदाचा!’ खरं तर चौकशी लागली म्हणजे अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं.

गोंधळ आपल्या शब्दापासूनच सुरू होतो. एसटी स्टँडवर ‘चौकशी’ची खिडकी असते, लग्नाआधी स्थळाची चौकशी होते, आजाऱ्याचीही करतात. इंग्रजीत ‘इन्क्वायर’ला जोडून येणारा छोटा शब्द हा फरक दाखवतो. गाडीची वेळ विचारायची तर ‘इन्क्वायर अबाउट’, कुणाची ख्यालीखुशाली विचारायची तर ‘इन्क्वायर आफ्टर’ आणि आरोपाच्या मुळाशी जायचं तर ‘इन्क्वायर इनटू’.

हे तिसरं रूप अहिल्यानगरकरांना चांगलं आठवेल. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी काही मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले, तेव्हा 2003 मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. गंमत म्हणजे अण्णांशी संबंधित संस्थांवरचे आरोपही याच आयोगाकडे गेले. म्हणजे तक्रार करणाराही चौकशीत! 1952 च्या कायद्याखालचा असा आयोग साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, पण शिक्षा देऊ शकत नाही. तो सरकारला अहवाल देतो. सावंत आयोगाचा अहवाल 2005 मध्ये आला.

अशा चौकशीसोबत इंग्रजीत ‘डू’ वापरत नाहीत. सरकार ती ‘ऑर्डर’ करतं, आयोग ‘कंडक्ट’ किंवा ‘होल्ड’ करतो. साधी विचारपूस असेल तर ‘मेक’ चालतं.

पोलिसांचा तपास वेगळा. तिथे क्रियापद ‘इन्व्हेस्टिगेट’, आणि त्याला ‘इनटू’ लागत नाही. ‘पोलीस इन्व्हेस्टिगेटेड द केस’ एवढंच पुरे. ‘इन्व्हेस्टिगेटेड इनटू’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ‘इनटू’ शोभतो तो ‘इन्व्हेस्टिगेशन’ या नामाला. कायद्यातही हे शब्द वेगळे आहेत. पुरावे गोळा करतात तो तपास. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या काही तक्रारींत, गुन्ह्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे का हे पाहण्यासाठी वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशीची सोय आहे.

मथळ्यांचा लाडका शब्द मात्र ‘प्रोब’. छोटा आहे, जागेत बसतो. ‘प्रोब ऑर्डर्ड’ म्हणजे आयोग, विभागीय चौकशी की पोलीस तपास, हे मथळा सांगत नाही. ते खालच्या बातमीत असतं.