किनारी जलाची गुणवत्ता : नमुना केव्हा घ्यावा?

किनारी पाण्याचा एकच नमुना फसवा ठरू शकतो. मुंबईत मिठी नदीतून माहीमच्या खाडीत सांडपाणी येते. ओहोटीला ते समुद्राकडे वाहते. भरतीला समुद्राचे पाणी आत शिरून ते विरळ करते. म्हणून भरती व ओहोटी या दोन्ही वेळी नमुने घेऊन क्षारताही नोंदवावी. विरघळलेल्या ऑक्सिजनच्या नमुन्यात विंकलर पद्धतीची अभिकर्मके जागीच घालतात; जिवाणूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत भरून बर्फात ठेवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानयोग्य (एसडब्ल्यू-२) पाण्यात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमहून आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला १०० हून अधिक नसावेत. फक्त भरतीचाच नमुना तपासला, तर दूषित किनाराही स्नानयोग्य ठरू शकतो.