कुर्दी लोकरकताई व विणाईची साधने

कुर्द लोकांच्या विणकामाविषयी आजवर झालेल्या लेखनाचा मोठा भाग गालिचे व किलीम यांच्या नक्षीला वाहिलेला आहे. नक्षीवरून प्रदेश ठरवावा आणि प्रदेशावरून टोळी, अशी ही पद्धती. तिच्यातील उणीव अशी की नक्षी प्रवास करते. बाजाराच्या मागणीप्रमाणे एका गावची नक्षी दुसऱ्या गावी सहज उतरवली जाते. माग इतक्या सहजी बदलत नाही. कुर्दांची वस्ती मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार राष्ट्रांत विभागलेली असून त्यांचे विणकाम पुष्कळदा ‘इराणी’ किंवा ‘तुर्की’ म्हणून नोंदले गेले आहे. तेव्हा साधनांचा विचार नक्षीच्या आधी व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभ तेशीपासून करावा लागतो. तेशी म्हणजे आपली टकळीच. एक लाकडी दांडी, तिच्यावर बसविलेली चकती आणि टोकाला धागा अडकविण्यासाठी खाच वा आकडा. चकती जड असेल तर फिरकी अधिक वेळ टिकते व जाड धागा कातता येतो. बारीक धाग्याला ती हलकी हवी, नाहीतर तो वजनाने तुटतो. तेशीचा खरा गुण असा की ती चालता चालता वापरता येते. चरखा हे स्थिर घराचे साधन आहे. हिवाळी गावातून उन्हाळी कुरणाकडे जाणाऱ्या स्त्रीला तो निरुपयोगी होय.

कताईपूर्वी हिरी, म्हणजे लोकर, लाकडी बैठकीत उभे लोखंडी दाते रोवलेल्या फणीवरून ओढून विंचरतात. लांब तंतू समांतर होतात व त्यांचा ताणा चांगला होतो. ताण्याला घट्ट पीळ देऊन दोन पदर उलट दिशेने एकत्र वळतात, त्यामुळे धागा स्वतःभोवती गुरफटत नाही. बाण्याचा धागा सैल राहिला तरी चालतो. किंबहुना तो सैल असेल तरच ठोकल्यावर दाटून बसतो.

कुर्मांजी बोलीत मागाला तेव्न म्हणतात. जाळ्यालाही हाच शब्द असून कोळ्याचे एक नाव तेव्नपीर, म्हणजे जाळे विणणारी म्हातारी, असे आहे. संस्कृतातील ऊर्णनाभ आठवून मौज वाटते.

भटक्या गटांचा तेव्न जमिनीवर आडवा असतो. चार खुंट्या ठोकून दोन वाशांमध्ये ताणा ताणतात. एकाआड एक धागे दोऱ्याच्या फासांनी एका दांडीला बांधलेले असतात. ती उचलली की बाण्याला वाट मिळते. बाणा प्रथम तलवारीसारख्या लाकडी पट्टीने आणि मग जड फणीने ठोकतात. मुक्काम हलविण्याची वेळ आली की खुंट्या उपटून अपुरे वस्त्र वाशांसह गुंडाळले जाते व नव्या जागी पुन्हा ताणले जाते. दोन्ही वेळचा ताण सारखा राहत नाही, म्हणून अशा वस्त्राच्या कडा वाकड्या असतात. त्याला दोष म्हणण्यापेक्षा स्थलांतराचा पुरावा म्हणणे योग्य होय. आणखी एक गोष्ट अशी की या मागाची रुंदी विणणारीच्या हातांच्या पल्ल्याएवढीच असते. म्हणून मोठा किलीम दोन पट्ट्यांत विणून मध्ये शिवतात, आणि दोन्ही अर्ध्यांची नक्षी शिवणीवर क्वचितच तंतोतंत जुळते. शेळीच्या केसांचा काळा तंबूही अशाच पट्ट्या जोडून होतो. त्याला रेशमाल म्हणतात. शब्दातील ‘रेश’ म्हणजे काळा, रेशमाशी त्याचा संबंध नाही. पावसात केस फुगून विणीतील छिद्रे बुजतात, आणि कोरड्या दिवसांत त्यांतूनच धूर बाहेर पडतो.

स्थिर गावांत व शहरांत उभा माग आढळतो. सनंदजचे (जुने नाव सेन्ने) बारीक किलीम आणि बिजारचे गालिचे त्यावरचेच. बिजारला जाड बाणा इतका ठोकतात की गालिचा घडी घालता येत नाही, गुंडाळावा लागतो. गालिचाशास्त्रात असममित गाठीला ‘सेन्ने गाठ’ म्हणतात. प्रत्यक्षात सेन्नेचे विणकर सममित गाठ वापरतात. साधन व हात न पाहता नावे दिली की असे होते.

तिसरा प्रकार पायपट्ट्यांच्या अरुंद मागाचा. त्यावर पुरुष विणतात. हक्कारी, सिर्त, शिर्नाक या भागांतील शाल-शापिक हे शेळीच्या मऊ लोकरीचे पुरुषी पोशाखाचे कापड आणि हवरामानकडील मरखोज शेळीच्या लोकरीचे कापड असेच अरुंद पट्ट्यांत निघते. विणकराला तेथे जोला म्हणतात. हिंदीतील जुलाहा हा त्याच फारसी कुळातला शब्द. मात्र या मागावरील सर्वच हात कुर्द नव्हते. आर्मेनियन, असीरियन व ज्यू विणकरही तो चालवीत. १९१५ च्या संहाराने पहिल्या दोन समाजांची वस्ती पुष्कळ भागांतून नाहीशी झाली. १९५०-५१ मध्ये इराकी कुर्दिस्तानातील बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. तेव्हा ‘कुर्दी माग’ हा शब्द वापरताना वापरणाऱ्याचा निर्देश होतो की प्रदेशाचा, हे स्पष्ट केले पाहिजे.

डॅनिश अभ्यासिका हेनी हाराल्ड हान्सेन यांनी १९५७ साली इराकी कुर्दिस्तानात स्त्रीजीवनाचा अभ्यास केला, तेव्हा गावे उभी होती. पुढे १९८८ च्या अन्फाल मोहिमेसह इराकी राजवटीने हजारो खेडी उद्ध्वस्त केली. तुर्कस्तानात १९९० च्या दशकात खेडी रिकामी करविली गेली व उन्हाळी कुरणे अनेकांना बंद झाली. गालिच्याला किंमत असल्यामुळे तो घेऊन जाता येतो, विकता येतो. खुंट्या, फणी व तेशी यांना बाजार नाही. ती मागे राहतात व जळणात जातात. एर्बिलच्या किल्ल्यात २००४ साली कुर्दी वस्त्रांचे संग्रहालय उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट आहे. वस्त्रांची नोंद करताना शिवणीची जागा, पट्टीची रुंदी आणि पिळाची दिशा या तीन गोष्टी नक्षीच्या वर्णनाआधी लिहिल्या गेल्या, तर हरवलेला माग वस्त्रावरून काही अंशी पुन्हा उभा करता येईल.