धातूत कोंडलेला हायड्रोजन आणि पेटंटचा परीक्षक

छोट्या अणुभट्ट्यांवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं. कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून झाली. सगळ्यांत चित्रं सुबक आणि आकडे गोल. मग अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातल्या खुल्या फायली वाचायला घेतल्या आणि त्यांतच रमलो. तिथे अर्ज एकदा प्रसिद्ध झाला की अर्जदाराने काय मागितलं, परीक्षकाने कशाला हरकत घेतली, वकिलाने काय उत्तर दिलं, हे सगळं कोणालाही पाहता येतं. माहितीपत्रकात सिद्ध झाल्यासारखी सांगितलेली गोष्ट इथे पुन्हा तपासाला निघते, आणि तपासणाऱ्याला त्या कंपनीकडून काहीही मिळवायचं नसतं. धातूंच्या हायड्राइडांवरचे, म्हणजे हायड्रोजन शोषलेल्या धातूंवरचे, अर्ज वाचताना हे फार ठळकपणे जाणवलं.

युरेनियमचा अणू फुटला की त्यातून निघणारे न्यूट्रॉन अतिशय वेगवान असतात. पुढचा अणू फोडायला मंद न्यूट्रॉन जास्त उपयोगी. म्हणून भट्टीत मंदायक लागतो, म्हणजे मॉडरेटर. या कामात हायड्रोजनसारखा दुसरा कोणी नाही, कारण त्याचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं. तेवढ्याच वजनाच्या गोटीवर गोटी आपटली की पहिली जवळजवळ जागीच थांबते, तसंच इथे होतं. हायड्रोजन सर्वांत स्वस्तात मिळतो तो पाण्यातून. पण पाणी तीनशे अंशांवर द्रवरूप ठेवायचं तर किमान पंच्याऐंशी वातावरणांचा दाब आणि तो पेलणारं जाडजूड पोलादी भांडं लागतं. ग्रॅफाइट उष्णता सोसतं, पण त्याला जागा फार लागते.

झिर्कोनियम हा धातू तापवून हायड्रोजनच्या सान्निध्यात ठेवला तर तो हायड्रोजन शोषून घेतो. धातूच्या एका अणूमागे हायड्रोजनचे दीड ते पावणेदोन अणू त्यात मावतात. अशा हायड्राइडच्या एका घन सेंटीमीटरमध्ये जवळपास पाण्याइतकाच हायड्रोजन असतो, आणि शिवाय झिर्कोनियम स्वतः न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. घन पदार्थ, दाब नाही, आणि तापमान पाण्याच्या दुप्पट. लहान भट्टी बांधणाऱ्याला आणखी काय हवं?

मॉडरेटरचा इतिहास पहिल्या आठवड्यापासूनच पेटंटशी जोडलेला आहे. 22 ऑक्टोबर 1934 रोजी रोममध्ये एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की मध्ये पॅराफिन ठेवलं तर न्यूट्रॉनचा परिणाम कितीतरी वाढतो. चारच दिवसांत त्यांनी इटलीत पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेचं पेटंट 1940 मध्ये मिळालं. पुढे अणुकार्यक्रमात ती पद्धत सर्रास वापरली गेली आणि 1953 मध्ये अमेरिकी सरकारने त्यापोटी तीन लाख डॉलर मोजले.

हायड्राइडांची पाळी नंतर आली. अमेरिकेच्या अणुविमान प्रकल्पात जनरल इलेक्ट्रिकने झिर्कोनियम हायड्राइडचा मॉडरेटर असलेली चाचणीभट्टी बांधली. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी तो प्रकल्प गुंडाळला आणि ती भट्टी आता आयडाहोच्या माळावर उघड्यावर उभी आहे. 3 एप्रिल 1965 रोजी अंतराळात गेलेल्या स्नॅप-10ए या भट्टीत इंधन आणि झिर्कोनियम हायड्राइड एकत्र मिसळलेले होते. ती 43 दिवस चालली. यानाच्या विद्युतव्यवस्थेत बिघाड झाला म्हणून थांबली, आणि आजही ती पृथ्वीभोवती फिरते आहे. सोव्हिएत संघाने 1987 मध्ये टोपाझ नावाच्या हायड्राइड भट्ट्या अंतराळात पाठवल्या. जर्मनीत कार्लस्रूहला सोडियमने थंड केलेली हायड्राइड भट्टी चालून गेली. आज एखादा नवउद्योजक हायड्राइडवर हक्क मागतो तेव्हा परीक्षकाच्या टेबलावर हे सगळं आधीपासून मांडलेलं असतं.

परीक्षक बसतो व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात. त्याच्याकडे भट्टी नाही, ओव्हन नाही, तराजूसुद्धा नाही. एका अर्जासाठी ठरावीक तास मिळतात. त्या तासांत त्याने अर्ज वाचायचा, जुनी पेटंटं, शोधनिबंध, तांत्रिक अहवाल धुंडाळायचे आणि अर्जाच्या शेवटी असलेल्या दाव्यांची छाननी करायची. हक्क मिळतो तो या दाव्यांना. वर्णन कितीही रंगवलेलं असो, दाव्यात जे शब्द आणि आकडे आहेत तेवढंच कुंपण. हायड्राइडच्या दाव्यात हे कुंपण बहुधा एका गुणोत्तरावर उभं असतं: धातूच्या एका अणूमागे हायड्रोजन किती. 1.5 ते 1.8 असं कोणी लिहिलं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या अहवालात 1.6 च्या कांडीचं मोजमाप सापडलं, तर तो दावा तिथेच संपतो. त्या जुन्या अहवालाचा हेतू वेगळा होता, ही सबब चालत नाही.

ही गोष्ट अमेरिकी न्यायालयाने 1985 मध्ये टायटॅनियमच्या एका खटल्यात पक्की केली. टायटॅनियममध्ये 0.6 ते 0.9 टक्के निकेल आणि 0.2 ते 0.4 टक्के मॉलिब्डेनम घातलेल्या मिश्रधातूवर कंपनीला हक्क हवा होता, कारण तो उत्तम गंजरोधक होता. परीक्षणात एक जुना रशियन शोधनिबंध पुढे आला. त्यातल्या आलेखावरचा एक बिंदू नेमका 0.75 टक्के निकेल आणि 0.25 टक्के मॉलिब्डेनमवर पडत होता. रशियन लेखकांनी गंजाविषयी चकार शब्द काढलेला नव्हता. तरी न्यायालय म्हणालं, मिश्रधातू जुना आहे, आणि जुन्या वस्तूचा नवा गुण सापडला म्हणून वस्तू नवी होत नाही. आलेखावरच्या एका टिंबाने कंपनीचा हक्क गेला. त्या निकालाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण जे ज्ञान लोकांच्या हाती आधीच आलं होतं ते कोणाच्या कुंपणात परत गेलं नाही.

तरीही जुन्या पदार्थातून खरोखर नवं निघू शकतं. 1956 च्या उन्हाळ्यात सॅन डिएगोला भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर, फ्रीमन डायसन आणि इतर काही जण जमले. कोणी मुद्दाम खोडी केली तरी जिला इजा होणार नाही, अशी भट्टी त्यांना हवी होती. त्यातून आलेल्या ट्रिगा नावाच्या भट्टीमध्ये मॉडरेटरचा मोठा भाग इंधनाच्या आतच, झिर्कोनियम हायड्राइडच्या रूपात ठेवला. हायड्राइडमध्ये अडकलेला हायड्रोजन ठरावीक ऊर्जेच्या टप्प्यांनीच थरथरतो, सुमारे 0.14 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या. इंधन तापलं की ही थरथर वाढते, जवळून जाणाऱ्या मंद न्यूट्रॉनला ती एकेक टप्पा ऊर्जा देते, आणि तो न्यूट्रॉन अणू फोडायला तेवढा लायक उरत नाही. इंधन आणि मॉडरेटर एकाच क्षणी तापत असल्यामुळे लगाम तत्काळ बसतो, कोणी बटण दाबायची गरज नाही. टेड टेलर (एडवर्ड टेलर नव्हेत), मॅकरेनॉल्ड्स आणि डायसन यांचा अर्ज मे 1958 मध्ये दाखल झाला, पेटंट मार्च 1964 मध्ये मिळालं. तिथे दावा फक्त हायड्राइडवर नव्हता. इंधन आणि हायड्राइड कसे मांडले की लगाम आपोआप बसतो, ते त्यात सांगितलं होतं. अशा अर्जाला हक्क मिळायलाच हवा.

पण याच गुणावर डोळे झाकून विसंबता येत नाही. झिर्कोनियमपेक्षा यिट्रियम हायड्रोजनला जास्त तापमानापर्यंत धरून ठेवतो, म्हणून आजच्या छोट्या भट्ट्यांना यिट्रियम हायड्राइड आवडतं. लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये नेवाडात हायपेशिया नावाचा प्रयोग केला. त्यात यिट्रियम हायड्राइड तापवल्यावर साखळीक्रिया मंदावण्याऐवजी किंचित वाढली. तोच हायड्रोजन, तशीच थरथर, पण भोवतालची मांडणी वेगळी, म्हणून परिणाम उलटा. अर्जदाराने नुसतं ‘हायड्राइड मॉडरेटर असल्याने भट्टी आपोआप सुरक्षित’ असं लिहिलं तर परीक्षकाने तिथे थांबायला हवं. कोणत्या इंधनाबरोबर, किती जाडीत, कोणत्या तापमानाला?

मग हायड्रोजनच्या पळून जाण्याची गोष्ट येते. हायड्राइड तापलं की हायड्रोजन त्यातून सुटू लागतो. कांडी एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने थंड असेल तर आतल्या आत तो थंड बाजूला सरकतो. म्हणजे पहिल्या दिवशी मोजलेलं 1.6 हे गुणोत्तर काही महिन्यांनी कांडीच्या टोकाला एक आणि मध्यावर दुसरंच असू शकतं. हायड्रोजनचा अणू इतका लहान की तापलेल्या पोलादातूनही झिरपून बाहेर पडतो. स्नॅपच्या इंजिनिअरांनी धातूच्या आवरणाला आतून काचेसारखा सिरॅमिक लेप दिला होता, आणि त्या लेपात सूक्ष्म भेग पडली तर काय, याची त्यांना चिंता होती. आजच्या अर्जांतही खरी कर्तबगारी याच ठिकाणी दिसते: नवा लेप, नवं आवरण, दोन धातूंचं मिश्र हायड्राइड.

कायद्यानुसार अर्ज वाचून त्या विषयातल्या जाणकाराला वस्तू बनवता आली पाहिजे. लेप हजार तास टिकतो असं लिहिलं असेल तर परीक्षक पुरावा मागू शकतो, पण स्वतः तो लेप तापवून पाहू शकत नाही. पेटंट मिळालं म्हणजे भट्टी सुरक्षित ठरली असं होत नाही. तो निर्णय नियामक मंडळाचा, वेगळ्या कागदांवर आणि वेगळ्या वर्षांत. गुंतवणूकदारांसाठी छापलेल्या पत्रकांत मात्र पेटंटचा क्रमांक प्रमाणपत्रासारखा झळकतो, आणि वाचणाऱ्याला फरक कळत नाही. हे मला धोक्याचं वाटतं.

दुसरी अडचण गुप्ततेची. फर्मी आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या अणुभट्टीच्या पेटंटचा अर्ज डिसेंबर 1944 मध्ये केलेला, ते मिळालं मे 1955 मध्ये. तोवर फर्मी हयात नव्हते. अमेरिकेच्या 1954 च्या अणुऊर्जा कायद्यात एक विलक्षण कलम आहे: सरकारी अणुकार्यक्रमात एखादी गोष्ट गुप्तपणे आधी माहीत असली किंवा वापरली गेली असली, तरी ती पेटंटच्या आड येते. शिवाय अणुऊर्जेत मोलाचा उपयोग असलेल्या शोधाच्या अर्जदाराने तो शोध कुठे आणि कशा परिस्थितीत लागला हे शपथेवर सांगायचं, आणि ते निवेदन ऊर्जा खात्याकडे जातं. सरकारी पैशातून लागलेला शोध खाजगी खिशात जाऊ नये, हा त्यामागचा उद्देश. मला हे कलम न्याय्य वाटतं. हायड्राइडांवरचं बहुतेक मूलभूत काम करदात्यांच्या पैशातून झालेलं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न साठ वर्षं उद्भवलाच नाही. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याचं कलम 20 आणि 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 4 मिळून अणुऊर्जेशी संबंधित शोधाला पेटंट मिळत नसे. अर्ज तसा वाटला की केंद्र सरकारचं मत घ्यायचं, आणि ते मत अंतिम. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला, भाभा अणुसंशोधन केंद्र ट्रॉम्बेला. दोन्ही एकाच शहराच्या पूर्व अंगाला, पण अणुभट्टीच्या गाभ्याविषयी परीक्षकाने शास्त्रज्ञाला ‘यात नवं काय’ असं विचारण्याचा प्रसंग कायद्यानेच येऊ दिला नाही. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने शांती कायदा संमत केला. त्याने शांततेच्या कामातल्या अणुशोधांना पेटंटची वाट मोकळी केली आणि संवेदनशील शोध सरकारच्या हाती राखले.

आता महाराष्ट्र, गोवा, गुजरातमधले असे अर्ज अँटॉप हिलला येतील. ते तपासणाऱ्याला धातुशास्त्र आणि न्यूट्रॉनचं भौतिकशास्त्र दोन्ही कळायला हवं, आणि अशी माणसं लगेच भरती होत नाहीत. ट्रॉम्बेत सहा दशकांत साठलेलं ज्ञान अंतर्गत अहवालांत आहे. ते परीक्षकापर्यंत पोचण्याचा रस्ता आखला नाही, तर इथेच शिकलेली गोष्ट परदेशी कंपनीच्या दाव्यात नवी म्हणून मान्य होईल, आणि पुढे आपल्याच भट्टीसाठी तिचा परवाना विकत घ्यावा लागेल. अमेरिकेच्या कलमासारखं काही आपल्या नियमांत आत्ताच, पहिले अर्ज निकाली निघण्यापूर्वी यायला हवं. हायड्राइडचा अर्ज आला तर गुणोत्तर कोणत्या तापमानाला मोजलं, किती तासांनी पुन्हा मोजलं आणि कांडीच्या कोणत्या टोकाला मोजलं, हे तीन आकडे पहिल्याच परीक्षण अहवालात मागितले जावेत. तो अहवाल आपल्याकडेही संकेतस्थळावर खुला असतो.