‘वीस किलो’चा सर्व्हो वीस किलो उचलत नाही

घरी बनवलेला चार पायांचा रोबो टेबलावर ठेवला, स्विच दाबला आणि उभा राहण्याऐवजी तो थरथरत खाली बसला, की सांधे फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरींबद्दलचा सल्ला ठरलेला असतो: ‘सर्व्हो कमी पडतोय, मोठा लाव.’ शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत हेच ऐकू येतं. ‘दहा किलोचा चालत नाही? मग वीस किलोचा घे.’ मोठा सर्व्हो येतो, त्याला पेलणारी मोठी चौकट येते, मोठी बॅटरी येते, आणि रोबो पुन्हा खाली बसतो. यात पैसे वाया जातात ते जातातच, पण चालणारा रोबो हे आपल्या आवाक्याबाहेरचं काम आहे असं बनवणाऱ्याला वाटू लागतं, हे नुकसान जास्त मोठं आहे. शिवाय हा गैरसमज आठवीतल्या विज्ञानाच्या जोरावर सहज दूर होण्यासारखा आहे, म्हणून तो इतका टिकून राहिलेला पाहून चीड येते.

आधी ‘किलो’ हा शब्दच तपासू. सर्व्होवर छापलेला आकडा किलोचा नसतो, तो किलो-सेंटिमीटरचा असतो. बोलताना सेंटिमीटर गळून पडतो. वीस किलो-सेंटिमीटर म्हणजे दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर वीस किलो, दहा सेंटिमीटरवर दोन किलो आणि वीस सेंटिमीटरवर फक्त एक किलो. रोबोचा पाय एक सेंटिमीटरचा नसतो. त्यामुळे अंतर सांगितल्याशिवाय ‘किती किलोचा सर्व्हो’ या प्रश्नाला काही अर्थच नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि बहुतेकांना कुणी न सांगितलेली. छापलेला आकडा हा काम करतानाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) नसतो. तो मोटर अडकून पूर्ण थांबते त्या क्षणीचा, म्हणजे स्टॉल टॉर्क असतो. साध्या डीसी मोटरवर भार वाढत जातो तसा तिचा वेग सरळ रेषेत उतरत जातो. अर्ध्या स्टॉल टॉर्कला वेग अर्धा, पूर्ण स्टॉल टॉर्कला वेग शून्य. त्या टोकाला मोटर कामच करत नाही आणि बॅटरीतून आलेल्या सगळ्या विजेची उष्णता होते. एमजी996आर या लोकप्रिय सर्व्होची डेटाशीट 6 व्होल्टला 2.5 अँपिअर स्टॉल करंट सांगते. म्हणजे 15 वॉट उष्णता, आणि तीही 55 ग्रॅमच्या बंद डबीत, जिथे पंखा नाही की हवा जायला जागा नाही. घरगुती सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, एवढं डोळ्यांसमोर आणलं तरी पुरे. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एक तृतीयांश टॉर्कवर ती साधारण एक नवमांश होते. सतत पेलायचा भार छापील टॉर्कच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ठेवावा, हा ढोबळ नियम इथूनच येतो.

आता मोठ्या सर्व्होचा हिशेब करू. एसजी90 हा निळा छोटा सर्व्हो 9 ग्रॅमचा असतो आणि त्याचा टॉर्क 4.8 व्होल्टला 1.8 किलो-सेंटिमीटर दिलेला असतो. प्रत्येक पायाला तीन याप्रमाणे बारा सर्व्होंचं वजन झालं 108 ग्रॅम. चौकट, बोर्ड आणि बॅटरी धरून रोबो 500 ग्रॅमचा होईल असं समजू. एक पाय उचलला की तीन पाय टेकलेले राहतात. पण गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या कर्णाकडच्या कडेजवळ असेल, तर जवळजवळ सगळा भार समोरासमोरच्या दोन पायांवर येतो. म्हणजे प्रत्येकी 250 ग्रॅम. खुब्याच्या सांध्यापासून पाऊल टेकलेल्या जागेपर्यंतचं आडवं अंतर 5 सेंटिमीटर असेल, तर लागणारा टॉर्क 1.25 किलो-सेंटिमीटर, म्हणजे छापील आकड्याच्या सुमारे 70 टक्के. थरथर होते ती यामुळे. आता याच ठिकाणी एमजी996आर लावा. नुसते सर्व्होच 660 ग्रॅमचे. धातूचे ब्रॅकेट आणि जास्त करंट देणारी बॅटरी धरून रोबो सहज 1.8 किलोवर जातो; सर्व्होची डबीच मोठी असल्याने पायही लांबतो आणि आडवं अंतर 8 सेंटिमीटर होतं. प्रत्येक पायावर 900 ग्रॅम, म्हणजे 7.2 किलो-सेंटिमीटर. डेटाशीटप्रमाणे या सर्व्होचा टॉर्क 4.8 व्होल्टला 9.4 आहे. प्रमाण 77 टक्के. टॉर्क पाचपट झाला आणि परिस्थिती आधीपेक्षा बिघडली.

यात नवल काहीच नाही. गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात हीच गोष्ट हाडांच्या बाबतीत मांडली आहे: आकार दुप्पट केला की वजन आठपट होतं. रोबोत त्यावर पायाची लांबी दुप्पट होते, म्हणून लागणारा टॉर्क सोळापट होतो. एमजी996आर हा एसजी90 पेक्षा सहापट जड आहे आणि टॉर्क मात्र पाचपटच्या थोडा वर देतो. दर ग्रॅममागे पाहिलं तर छोटा सर्व्होच पुढे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. 60 ग्रॅमच्या आसपास वजनाचे, 20 ते 25 किलो-सेंटिमीटर लिहिलेले सर्व्हो आता सर्रास मिळतात. ते लावले तर? लावा, जरूर फायदा होईल. वजन आणि मापं जवळजवळ तीच राहून टॉर्क दुप्पट होत असेल तर प्रमाण सुधारणारच. मुद्दा मोठ्या सर्व्होला विरोध करण्याचा नाही, प्रमाण पाहण्याचा आहे. मात्र छापील आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे हे पाहा आणि नकली मालाच्या बाजारात त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. खात्री घरी करता येते. सर्व्होच्या दांड्यावर बसणाऱ्या हॉर्नला एक ताठ पट्टी घट्ट बसवा, दांड्याच्या मध्यापासून बरोबर दहा सेंटिमीटरवर खूण करा, सर्व्हो टेबलाला क्लॅम्पने आवळा आणि पट्टीची ती खूण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दाबली जाईल असं सर्व्होला फिरवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल त्याला शंभरने भागलं की किलो-सेंटिमीटरमधला टॉर्क मिळतो. 1.8 चा सर्व्हो 180 ग्रॅम दाखवायला हवा. सर्व्हो दोन सेकंदांपेक्षा जास्त अडकवून ठेवू नका, नाहीतर तपासणीतच जळेल.

खरा उपाय बहुतेक वेळा फुकटचा असतो. वरच्या छोट्या रोबोत आडवं अंतर 5 वरून 3 सेंटिमीटर केलं आणि वजन 100 ग्रॅमनी उतरवलं, तर टॉर्क 1.25 वरून 0.6 वर येतो, छापील आकड्याच्या बरोबर एक तृतीयांशावर. कोळ्यासारखे पसरलेले पाय छान दिसतात, पण त्यांत आडवं अंतर जास्त असल्याने खुब्याच्या सर्व्होला उभं राहण्याचीही मजुरी पडते. कुत्र्यासारखे अंगाखाली घेतलेले पाय बरेच हलके पडतात. पसरलेल्या पायांना तोल सावरायला रुंद पाया मिळतो हे खरं. म्हणून अंतर शून्य करायचं नाही, तोल राहील इतपतच ठेवायचं.

सर्व्होवर फुटणारं खापर बऱ्याचदा वीजपुरवठ्याचं असतं, आणि हा दुसरा गैरसमजही तितकाच चिवट आहे: आर्डुइनोच्या 5 व्होल्टच्या पिनवर सर्व्हो चालतात. एखादा चालतो, बारा चालत नाहीत. आर्डुइनो उनोच्या यूएसबी वाटेवर 500 मिलिअँपिअरचा फ्यूज असतो आणि अडकलेला एकच एसजी90 अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो. थांबलेली मोटर सुरू होतानाही क्षणभर जवळपास तेवढाच करंट घेते. सगळे पाय एकदम हलले की व्होल्टेज कोसळतं, 2.7 व्होल्टच्या आसपास बोर्ड स्वतःला रीसेट करतो, आणि पहिल्या पावलाला ‘हँग’ होणाऱ्या रोबोचा प्रोग्रॅम रात्रभर तपासला जातो. सर्व्होंना स्वतंत्र पुरवठा द्या: 2 सेलची लिथियम बॅटरी, सर्व्होला चालेल तेवढं व्होल्टेज देणारा दमदार बक कन्व्हर्टर, जाड वायर, आणि बोर्डाशी ग्राउंड एकत्र. पीसीए9685 हा 16 सर्व्होंचा बोर्ड लावला म्हणजे हा प्रश्न सुटला असंही नाही. तो इशारे देतो, वीज बाहेरूनच द्यावी लागते. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी या कामाची नाहीच.

बाकीचे समज थोडक्यात. धातूचे गिअर टॉर्क वाढवत नाहीत, ते फक्त लवकर तुटत नाहीत. तीन वायरींचा साधा हॉबी सर्व्हो आपण कुठे आहोत हे बोर्डाला कळवत नाही. आतल्या पोटेन्शिओमीटरचा उपयोग त्याचा तोच करतो, त्यामुळे पाय अडकला तरी प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही. दोन पायांचा रोबो कमी सर्व्होंत होतो म्हणून सोपा, हेही चूक. ‘ऑटो’ या रोबोसारखा चार सर्व्होंचा दोनपायी रोबो चालतो तो मोठ्या सपाट पावलांवर.

आणि चालायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागते, हा सर्वांत नवा समज. टॅड मॅकगीअर यांनी 1990 साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ रोबोटिक्स रिसर्चमध्ये जे यंत्र मांडलं, त्याला चालवणारी मोटर नव्हती, चालीचं नियंत्रण करणारा कॉम्प्युटर नव्हता. पायांची लांबी आणि वजनाची वाटणी नेमकी ठेवल्याने ते सौम्य उतारावरून चालत गेलं. एमआयटीच्या मिनी चीताने 2019 मध्ये कोलांटी मारली तेव्हा त्याच्या मोटरींना जेमतेम 6 ला 1 चं गिअरिंग होतं, म्हणून जमिनीचा धक्का मोटरपर्यंत पोचतो आणि ती त्याला उत्तर देऊ शकते. शेकडोपट गिअरिंगच्या हॉबी सर्व्होकडून ती उडी मागू नका. तीन पाय जमिनीवर ठेवून सावकाश टाकलेलं पाऊल मात्र तो बिनतक्रार देतो.

म्हणून नवा सर्व्हो घ्यायला निघण्याआधी रोबो काट्यावर ठेवा, आलेल्या वजनाचं अर्धं घ्या, त्याला खुब्यापासून पावलापर्यंतच्या आडव्या अंतराने गुणा. उत्तर सध्याच्या सर्व्होच्या छापील टॉर्कच्या एक तृतीयांशात बसत नसेल, तर आधी पाय आखूड करा आणि मगच पाकिटाला हात घाला.