कंदाच्या पोटातला पुढचा एप्रिल

एप्रिल लागला की बदलापूर गावात माणसं सावली धरून चालतात आणि नेमकी तेव्हाच कुंडीतली लिली फुलायला निघते. अंगावर एक पान नसलेला, मातीतून अर्धा वर आलेला कंद. त्याच्या मानेशेजारून हिरवं टोक डोकावतं आणि बघता बघता हातभर दांडा उभा राहतो. दांडा आतून पोकळ. टोकाचं आवरण फाटतं आणि दोन-चार लालभडक फुलं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उमलतात. नर्सरीवाले हिला अमॅरिलिस म्हणतात, वनस्पतिशास्त्रज्ञ हिप्पीअ‍ॅस्ट्रम. माहेर ब्राझील, बोलिव्हिया, पेरूकडचं.

पाणी नाही, पान नाही, मग एवढं फूल आलं कुठून? कंद उभा चिरला की उत्तर दिसतं. एकावर एक चढलेले पांढरे, रसदार पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुंधे. चार पानं झाली की एक फुलदांडा, पुन्हा चार पानं, पुन्हा फुलदांडा, असा हिशेब कंदाच्या गाभ्यात चालू असतो. चांगल्या पोसलेल्या कंदात एकाच वेळी दोन-तीन फुलदांडे निरनिराळ्या वयाचे असतात. सगळ्यात धाकटा जेमतेम ठिपक्याएवढा. ठिपक्याचं फूल व्हायला साधारण वर्षभर लागतं, कधी थोडं जास्तच. म्हणजे यंदाच्या एप्रिलचं फूल गेल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच आत धरलेलं होतं, आणि पुढच्या एप्रिलचं आता धरतंय.

ते बाहेर कधी यायचं, हे ठरतं कोरड्या दिवसांवर. बोलिव्हियाच्या डोंगरउतारांवर डिसेंबर ते मार्च धो धो पाऊस, मग कित्येक महिने कोरडे. बदलापुरात जून ते सप्टेंबर पाऊस आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. महिने उलटे, क्रम तोच! कंदाला महिन्यांशी काही देणंघेणं नसतं. आधी भिजणं, मग सुकणं, एवढंच त्याला कळतं. म्हणून इतक्या दूरची ही पाहुणी आपल्याकडे फारसे लाड न करता रुळली. पावसाळाभर पानं राखायची, खत घालायचं. थंडी पडली की पाणी तोडायचं आणि दोन-अडीच महिने कुंडीकडे बघायचंही नाही. पाणी घालणं सोपं असतं, हात आवरणं अवघड.

पण दक्षिण अमेरिकेचा प्रत्येक कंद इथे जमेल असं नाही. चिलीच्या मध्यभागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथला टेकोफिलिया हा गर्द निळ्या फुलांचा कंद निसर्गातून संपला असंच अनेक वर्षं मानलं जात होतं. २००१ मध्ये तो सँटियागोच्या दक्षिणेला पुन्हा सापडला. असा दुर्मीळ कंद हौसेनं बदलापुरात आणला, तर त्याची झोपायची वेळ आणि आपला जुलै एकत्र येतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. असल्या पावसात झोपलेला कंद कुजणारच.

उलट ब्राझीलच्या किनारी जंगलातली ग्रिफिनिया आणि अ‍ॅमेझॉनकडची युकॅरिस यांना इथली दमट सावली मानवते. ग्रिफिनियाची फुलं निळसर-जांभळी, युकॅरिसची पांढरी आणि सुवासिक. दोघी झाडांखाली वाढणाऱ्या, त्यामुळे त्यांना हिप्पीअ‍ॅस्ट्रमसारखं कडकडीत सुकवायचं नाही. पाणी फक्त कमी करायचं. वर्सलिया या निळ्या राणीचा मोह मात्र जपून. ती रिओजवळच्या डोंगरात, धबधब्यांशेजारच्या उभ्या कड्यांवर वाढते. मुळांना सतत खेळती हवा लागते आणि बियांपासून फुलायला कित्येक वर्षं जातात.

धीर असलेल्यांनी हिप्पीअ‍ॅस्ट्रमचा संकर करून बघावा. १७९९ मध्ये इंग्लंडातल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीनं दोन जातींचा पहिला संकर केला, तो आजही 'जॉन्सनी' नावानं बागांत आहे. एका फुलाचे पिवळे पराग दुसऱ्याच्या तीन फाट्यांच्या टोकाला लावायचे. महिन्याभरात बोंड तडकतं आणि आत काळ्या, कागदासारख्या पातळ चकत्या एकीला एक चिकटून बसलेल्या दिसतात. त्या वाटीभर पाण्यावर तरंगत ठेवल्या तरी रुजतात. पुढे फुलासाठी तीनेक वर्षं थांबायचं.

पावसाळ्यात पानांवर काळ्या अंगावर पांढरे नि केशरी ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या, तर त्या लगेच वेचून काढा. नाहीतर पानं फस्त. ही आपल्या रानातल्या कळलावीवरची अळी. कळलावी विषारी, लिलीचा कंदही विषारी. तो मुलांच्या आणि मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका. पण या अळीला विषाचं भय नाही. समुद्रापलीकडून आलेलं हे झाडही तिनं आपलं मानलं.

आणि यंदा फूल आलं नाही, तर कंद उपटून टाकू नका. पावसाळ्यातल्या प्रत्येक हिरव्या पानातून आतला पुढचा दांडा पोसला जात असतो. म्हणून फुलाची खरी काळजी एप्रिलमध्ये नाही, ऑगस्टमध्ये घ्यायची असते.