चिपाडावरची पकड

पुणे-सोलापूर महामार्गावरचं कुरकुंभ जुन्या माणसांना फिरंगाई देवीमुळे ठाऊक, नव्यांना एमआयडीसीमुळे. इथे कारखाना असलेली अल्काइल अमाइन्स कंपनी इथाइल अमाइन बनवते आणि त्यासाठी अल्कोहोल लागतं. आपल्याकडे अल्कोहोल म्हटलं की मळी आली, मळी म्हटलं की ऊस. पण रस काढल्यावर जे उरतं त्याचं काय? चिपाडाच्या कोरड्या वजनात सुमारे 40 टक्के सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे आंबवून अल्कोहोल देणाऱ्या ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. तरी गुऱ्हाळात चिपाड चुलवाणात जातं, कारखान्यात बॉयलरमध्ये, आणि पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, तर बऱ्याचदा फडातच पेटवलं जातं.

अडचण रचनेत आहे. या साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून स्फटिक बनवतात, वर हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा लेप असतो. तो भेदण्याची कला मुख्यतः बुरशीकडे आहे.

ही गोष्ट उद्योगाला कळली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजून चालले होते. त्या कापडावरून वेगळी केलेली ‘क्यूएम 6ए’ ही बुरशी पुढे अमेरिकेतल्या नेटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी अभ्यासली. रीस यांच्या नावावरून तिचं नामकरण झालं ट्रायकोडर्मा रीसाय. आज या जातीचे औद्योगिक वाण जगभर वापरले जातात, ते सगळे त्या एकाच नमुन्याचे वंशज. तंबू वाचवायला निघालेल्या लष्कराने जैवइंधनाचा पाया घातला, हा योगायोग मजेशीरच.

या बुरशीचं मुख्य एन्झाइम आहे सेल-7ए. त्याला दोन अवयव आणि मधे लवचीक दुवा. लहान अवयव जेमतेम 36 अमिनो आम्लांचा, काम फक्त धरून ठेवण्याचं: त्याच्या सपाट बाजूवर टायरोसिन या अमिनो आम्लाची तीन वलयं ओळीने असतात आणि ती ग्लुकोजच्या वलयांवर बरोबर टेकतात. मोठ्या अवयवात बोगदा आहे. चरकात ऊस ओढला जावा तशी साखळी त्यात टोकाकडून शिरते आणि दर टप्प्याला दोन ग्लुकोजचा तुकडा, म्हणजे सेलोबायोज, बाहेर पडतो. जपानमध्ये कियोहिको इगाराशी यांच्या गटाने 2011 मध्ये हे रेणू चालताना टिपले, तेव्हा त्यांची चक्क वाहतूक कोंडी दिसली: पुढचा अडला की मागचे थांबतात. सेलोबायोज साचला तरी काम मंदावतं, म्हणून बीटा-ग्लुकोसिडेज हे दुसरं एन्झाइम त्याचे दोन तुकडे करत राहतं.

2010 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी कायटिन हा सेल्युलोजसारखाच चिवट पदार्थ ऑक्सिडीकरणाने तोडणारं एन्झाइम दाखवलं. पाठोपाठ बुरशींमध्येही तशीच, तांबं असलेली एन्झाइमं सेल्युलोजच्या स्फटिकाला खाचा पाडताना आढळली. त्या खाचांतून सेल-7एला नवी टोकं मिळतात.

पण पकड हीच डोकेदुखीही आहे. धरणारा अवयव लिग्निनलाही चिकटतो, आणि तिथे अडकलेलं एन्झाइम वाया जातं. फिनलंडच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की लगदा पुरेसा घट्ट असला, पाणी कमी असलं, तर हा अवयव कापून टाकलेली एन्झाइमंही तितकंच काम करतात. पाठ्यपुस्तकाला धक्का देणारा हा निष्कर्ष कारखान्याच्या दृष्टीने मोलाचा. तिथे एन्झाइमचा प्रत्येक ग्रॅम खर्चात धरला जातो.

पुण्यात हा विषय जुना आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दिगंबर गोखले यांच्या गटाने पेनिसिलियम जॅन्थिनेलम या बुरशीचे, सेल्युलोज तोडणारी एन्झाइमं जास्त बनवणारे उत्परिवर्ती वाण रसायनं आणि अतिनील किरणं वापरून घडवले. ते काम 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. मे 2017 मध्ये दौंडजवळ प्राज इंडस्ट्रीजच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचं उद्घाटन नितीन गडकरी यांनी केलं. क्षमता वर्षाला 10 लाख लिटर इथेनॉलची, कच्चा माल चिपाड, भाताचा पेंढा, कापसाच्या पळाट्या. तेच तंत्रज्ञान पुढे इंडियन ऑइलच्या पानिपतच्या प्रकल्पात गेलं. ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पाचं उद्दिष्ट आहे वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल.

फडातल्या पाचटाला मात्र इतका थाट लागत नाही. ते जाळू नका, सरीत दाबा, असं कृषी विभाग सांगतो: टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं संवर्धक. युरिया कशाला, असा प्रश्न शेतकरी विचारतात. एन्झाइम हे प्रथिन, प्रथिनाला नत्र हवं. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नगण्य. नत्र मिळालं नाही तर कुजवणारी बुरशी ते मातीतून उचलते आणि खोडवा पिवळा पडतो.