भुसावळचा उन्हाळा आणि पाइपचा तंबाखू

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. मुंबईच्या दमट हवेतून इथे बदलून आलेल्या रेल्वेतल्या एखाद्या शौकिनाने तिथल्यासारखाच पाइपच्या तंबाखूचा डबा सैल लावून ठेवला, की काही दिवसांतच त्याचा चुरा होतो आणि धूर जिभेला झोंबू लागतो. तंबाखू दमट हवेत पाणी शोषतो, कोरड्या हवेत सोडतो. ओढूच नये, हे डॉक्टरांचे म्हणणे खरेच. पण घरात आहे तर तो नीट तरी ठेवावा.

उपाय स्वयंपाकघरातच आहे: घट्ट झाकणाची काचेची बरणी. मात्र लोणच्याची नको! हिंग-तेलाचा वास झाकणाच्या रबराला धरून बसतो, आणि गृहिणीशी वाकडे येते ते वेगळेच. एका मोठ्या बरणीपेक्षा चार लहान बऱ्या. रोज एकच उघडली, की बाकीच्यांना हवा लागत नाही. पत्र्याखालच्या फळीवर त्या ठेवू नयेत.

तंबाखू सुकलाच, तर बटाट्याचा काप घालू नका, बुरशी येते. माठाची स्वच्छ खापरी उकळून गार केलेल्या पाण्यात पाव तास भिजवा, पुसा, दिवसभर बरणीत ठेवून काढून घ्या. दाबलेली चिमूट सोडताच हळूच फुलली, की जमले. तिचा गोळाच राहिला, तर ताटात थोडा वेळ पसरा. पांढरी लव दिसली, तर काटकसर न करता फेकून द्या.

बरणीवर नाव लिहून ती कुलपाच्या कपाटात ठेवावी. निकोटीन हे विष आहे. लहान मुलाने थोडासा तंबाखू गिळला तरी उलट्या होऊ शकतात; अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.